पहिलें दर्शन आणि पुढचीं पन्नास वर्षें

‘दिसतें तसें नसतें, म्हणूनच जग फसतें’ ही म्हण आपल्याकडे घरोघर बोलली जाते. पण ती बहुधा फसगत होऊन गेल्यावर आठवते, आधीं नव्हे. कारण उघड आहे. पहिलें दर्शन वर्तमानकाळांत घडतें आणि त्याची खरी परीक्षा करणारा साक्षीदार भविष्यकाळांत राहतो. एखाद्या राजपुरुषाचें भाषण पटलें, एखादा नवा कायदा लाभदायक दिसला, तर त्याच क्षणीं पुढचीं पन्नास वर्षें समोर आणून तो पडताळून पाहण्याची सोय मनुष्याला नाहीं. इतिहासकार पडताळा घेतो खरा, परंतु तो नेहमीं मागाहून येतो. ही सोय निदान कल्पनेंत तरी करून द्यावी असा एक प्रयत्न १९८५ सालीं अमेरिकेंत झाला. आणि तो कादंबरीच्या किंवा नाटकाच्या द्वारें न होतां संगणकावरील एका खेळाच्या द्वारें झाला. त्या खेळाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खेळ, आणि तोही संगणकावरचा, हा विषय अशा पानांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. ज्या घरांतील मुलें परीक्षेच्या दिवसांतही पडद्यासमोरून उठत नाहींत, तेथील वडीलधाऱ्यांस तर ही शंका अधिकच येईल. तिचा आम्ही अनादर करीत नाहीं. परंतु एके काळीं कादंबरी वाचणें हें आपल्याकडेही रिकामटेकडेपणाचें लक्षण मानलें जात असे, आणि नाटकाच्या नादीं लागणें म्हणजे घर बुडविणें असा समज होता. पुढें त्याच दोन प्रकारांनीं समाजाला आरसा दाखविला. एखादा प्रकार हलका कीं भारी हें त्याच्या नांवावरून ठरत नाहीं. त्यांत कोणीं काय केलें यावरून ठरतें. तेव्हां या खेळाच्या कर्त्यानें काय केलें तें आधीं पाहावें आणि निवाडा मग करावा, एवढीच आमची विनंति आहे.

कथारूप खेळांचा जन्म गुहेंत झाला असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. विल क्राउदर हे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या अमेरिकन कंपनींत आज्ञावली लिहिण्याचें काम करीत. आजच्या इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट, त्याच्या उभारणींत त्यांचा हात होता. केंटकी राज्यांतील मॅमथ केव्ह या अफाट गुहामालिकेंत उतरण्याचा त्यांना छंद होता. १९७५–७६ च्या सुमारास त्यांनीं आपल्या मुलींना गंमत वाटावी म्हणून त्या गुहेचें शब्दचित्र संगणकांत उतरविलें. पडद्यावर चित्र म्हणून कांहींच नाहीं, केवळ वाक्यें. आपण कोठें उभे आहोंत आणि वाटा कोणत्या दिशांस फुटतात, हें यंत्रानें सांगावें. खेळणाऱ्यानें एकदोन शब्दांची आज्ञा टंकित करावी. आणि यंत्रानें तिचा परिणाम पुन्हां वाक्यांत कळवावा, असा हा संवाद. १९७७ सालीं स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनीं त्यांत पुष्कळ भर घातली आणि ‘ॲडव्हेंचर’ या नांवानें तो खेळ सर्वत्र पसरला.

पुढचें पाऊल मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत पडलें. तेथील टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स व डेव्ह लेब्लिंग या चौघांनीं १९७७ मध्यें ‘झॉर्क’ नांवाचा खेळ रचण्यास आरंभ केला. गुहेच्या खेळाला दोन शब्दांपलीकडची आज्ञा समजत नसे. झॉर्कला पुरें वाक्य समजूं लागलें. यांपैकींच कांहीं मंडळींनीं इतर सोबत्यांसह १९७९ सालीं इन्फोकॉम ही कंपनी काढली. त्या काळीं घरगुती संगणक अनेक जातींचे असत आणि एकासाठीं लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. इन्फोकॉमनें यावर नामी तोड काढली. प्रत्यक्षांत कोठेंच नसलेलें एक काल्पनिक यंत्र तिनें ठरविलें, सर्व खेळ त्या यंत्राच्या भाषेंत रचले, आणि प्रत्येक जातीच्या संगणकासाठीं फक्त एकेक दुभाषा तयार केला. ते संगणक केव्हांच अडगळींत गेले. परंतु नव्या यंत्रांसाठीं नवे दुभाषे तयार होत राहिल्यामुळें ते खेळ आजही वाचतां येतात. ग्रंथांच्या इतिहासांत नकला करून पोथ्या जतन करणाऱ्यांस जें महत्त्व, तेंच येथें या युक्तीला आहे.

वैज्ञानिक कल्पनाकथेकडे ही कंपनी लौकरच वळली. १९८३ मधील ‘प्लॅनेटफॉल’ हा त्यांतील नांवाजलेला खेळ. त्याचे कर्ते स्टीव्ह मेरेट्झ्की हे प्रथम कंपनीचे खेळ तपासून त्यांतील चुका काढण्याचें काम करीत. स्वतः लिहिलेला त्यांचा हा पहिलाच खेळ. ओसाड ग्रहावर एकट्या पडलेल्या नायकाला तेथें फ्लॉइड नांवाचा, लहान मुलासारखा बोलणारा व बागडणारा यंत्रमानव भेटतो. कथेच्या उत्तरार्धांत तो मित्राच्या कामासाठीं जीव धोक्यांत घालतो आणि मरतो. अखेरीस त्याची दुरुस्ती होते ही गोष्ट निराळी. परंतु यंत्रावरील कोरड्या अक्षरांनीं खेळणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतां येतें, याचें उदाहरण म्हणून त्या प्रसंगाचें नांव आजही घेतलें जातें. १९८४ सालीं डग्लस ॲडम्स या इंग्रज विनोदी लेखकाबरोबर त्यांनीं ‘द हिचहायकर्स गाइड टु द गॅलॅक्सी’ या ॲडम्स यांच्याच कथेचा खेळ रचला. अशा रीतीनें मेरेट्झ्की यांची ख्याति हंसविणारा लेखक म्हणून झाली होती.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत रोनाल्ड रेगन हे पन्नासांपैकीं एकूणपन्नास राज्यें जिंकून दुसऱ्यांदां अमेरिकेचे अध्यक्ष निवडून आले. मेरेट्झ्की यांस तें राजकारण मान्य नव्हतें, आणि आपला पुढचा खेळ त्या अस्वस्थतेंतून निघाला हें त्यांनीं कधीं लपवून ठेविलें नाहीं. त्यांचें मत वाचकांस पटो वा न पटो. त्यांनीं उभा केलेला प्रश्न मात्र कोणत्याही पक्षाला विचारतां येण्याजोगा आहे. बहुसंख्य देशबांधवांस आज जें गोड वाटतें, तें दहा वर्षांनीं कसें लागेल? आणि पन्नास वर्षांनीं?

या खेळाचें नांव ‘ए माइंड फॉरेव्हर व्हॉयेजिंग’. सदैव प्रवास करणारें मन, असा त्याचा अर्थ. आम्ही पुढें सोयीसाठीं त्यास ‘प्रवासी मन’ असें म्हणूं. हे शब्द वर्ड्स्वर्थ यांच्या ‘द प्रेल्यूड’ या दीर्घकाव्यांतील, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत असलेल्या न्यूटनच्या पुतळ्याविषयींच्या ओळींतून घेतलेले आहेत. खेळ चालण्यास १२८ किलोबाइट स्मृतीचा संगणक लागे. आज हा आंकडा ऐकून शाळकरी मुलगाही हंसेल. परंतु त्या काळीं घरोघरच्या अनेक यंत्रांची स्मृति ६४ किलोबाइटच असे. म्हणजे पुष्कळशा गिऱ्हाइकांवर कंपनीनें आपण होऊन पाणी सोडलें. एवढी जागा कशाला हवी होती? चित्रांसाठीं नव्हे, या खेळांत चित्र एकही नाहीं. ती हवी होती, एकाच शहराचें वर्णन पुन्हां पुन्हां, दर खेपेस निराळें, करतां यावें म्हणून.

कथा २०३१ सालची. १९८५ च्या माणसाला तें साल सेहेचाळीस वर्षें दूर होतें. आपल्या तर तें उंबरठ्यावर आलें आहे. अमेरिकेची घडी विस्कटली आहे. गुन्हे माजले आहेत. ‘जॉयबूथ’ नांवाच्या सुखयंत्रांत बसून तरुण मुलें जीव गमावीत आहेत. रिचर्ड रायडर नामक सिनेटर ‘राष्ट्रीय ध्येयाच्या पुनरुज्जीवनाची योजना’ पुढें मांडतो. कर निम्म्यानें कमी करावे, उद्योगांवरील निर्बंध उठवावे, सक्तीची लष्करभरती पुन्हां सुरू करावी, शिक्षणांत जुन्या मूल्यांचा पाया घालावा, व्यापारांत स्वदेशाचें हित आधीं पाहावें, अशीं तिचीं कलमें. ही योजना अमलांत आणण्यापूर्वीं तिचा परिणाम जाणण्याचें एक अपूर्व साधन हाताशीं आहे. डॉक्टर अब्राहम पेरेलमन या शास्त्रज्ञानें विचार करणारा, स्वतःची जाणीव असलेला पहिला संगणक घडविला आहे. ‘प्रिझम’ हें त्याचें नांव. मात्र त्याचें मन आज्ञा भरून घडविलेलें नाहीं. एका कल्पित जगांत पेरी सिम नांवाच्या मुलाचें बालपण व तारुण्य त्याला जगूं देऊन घडविलेलें आहे. आपण मनुष्य नाहीं हें एके दिवशीं त्याला सांगण्यांत येतें. खेळाच्या पेटींत जी छापील पुस्तिका मिळे, तींतील लघुकथेंत हा करुण प्रसंग येतो. खेळणारा पडद्यासमोर बसतो तो माणसाच्या भूमिकेंत नव्हे, या यंत्राच्या भूमिकेंत.

विश्वामित्रानें प्रतिसृष्टि निर्माण केल्याची कथा आपल्यास ठाऊक आहेच. येथें शास्त्रज्ञांनीं रॉकव्हिल या साउथ डकोटांतील कल्पित शहराची प्रतिसृष्टि रचली आहे. योजना लागू झाल्यास दहा वर्षांनीं, म्हणजे २०४१ सालीं, तें शहर कसें असेल त्याची. पेरी सिम होऊन तेथें वावरावें आणि जें दिसेल तें नोंदून आणावें, हें प्रिझमचें काम. पेरेलमन त्याच्या हातीं एक यादी देतात. हॉटेलांत जेवावें, वर्तमानपत्र वाचावें, सार्वजनिक वाहनांत बसावें, सिनेमा पाहावा, काम चालू असतां न्यायालयांत जावें, धर्माधिकाऱ्याशीं व सरकारी अधिकाऱ्याशीं बोलावें, वीजकेंद्र पाहावें, आणि घरीं जाऊन पत्नीची विचारपूस करावी. ही यादी आम्हांस फार मार्मिक वाटली. तींत अर्थशास्त्रज्ञांचा आंकडा एकही नाहीं. राज्य कसें चाललें आहे हें जेवणाच्या ताटावरून, गाडींतल्या गर्दीवरून आणि घरच्या माणसाच्या आवाजावरून ओळखावें, असें ती सांगते.

आणि २०४१ चें हें पहिलें दर्शन सुखद आहे. रस्ते गजबजलेले आहेत. लोकांना काम आहे. जिल ही पत्नी घरीं हंसतमुख आहे. बारकाईनें पाहणाऱ्यास कोठें कोठें खटकेलही, परंतु एकंदरींत योजना फळास आली असेंच कोणीही म्हणेल. प्रिझम नोंदी घेऊन परततो, अधिकारी संतुष्ट होतात, आणि सरकारच्या दृष्टीनें काम येथेंच संपतें. दहा वर्षांच्या पुढें डोकावून पाहण्याची कोणाला निकड नाहीं. निवडणुकांच्या चक्रावर चालणाऱ्या राज्यकारभाराचें यापेक्षां नेमकें चित्र आम्हांस तरी आठवत नाहीं.

पुढचें दशक पाहण्याची वाट मोकळी झाल्याचें कळतें तें यानंतर. खेळणारा २०५१ मध्यें उतरतो, मग २०६१, २०७१ आणि शेवटीं २०८१ मध्यें. शहर तेंच, चौक तेच, घराचा जिना तोच. परंतु गेल्या खेपेचें दुकान आतां बंद आहे. ज्या रस्त्यानें निर्धास्त चाललों तेथें आतां झडती घेणारे शिपाई उभे आहेत. एक आक्रमक धर्मपंथ हळूहळू न्यायालयापासून शयनगृहापर्यंत हात पसरीत आहे. ज्या मिचेलला लहान असतां पाहिलें, तो पेरीचा मुलगा मोठा होऊन त्या पंथाचा कट्टर अनुयायी बनतो आणि स्वतःच्या आईलाच पंथाच्या लोकांच्या हवालीं करतो. २०८१ मध्यें तर शहर म्हणण्याजोगें कांहीं उरलेलें नाहीं. भुकेलेलीं माणसें आणि रानटी कुत्रीं यांच्या तावडींतून कांहीं क्षण वांचणें एवढेंच हातीं राहतें.

एखादा म्हणेल, असलें भयाण भविष्य कादंबरीकारांनीं अनेकदां रंगविलें आहे; यांत नवल तें काय? नवल प्रसंगांत नाहीं, चालण्यांत आहे. कादंबरींत लेखक आपल्यास हात धरून नेतो. त्याला जें दाखवायचें असेल तेवढेंच आपण पाहतों. येथें कोणी नेत नाहीं. पुढें कोठें जावें हें शब्द टंकित करून आपणच सांगावयाचें. २०४१ मध्यें वाट चुकत चुकत आपण शहर शिकलेलों असतों. घराकडचा रस्ता तोंडपाठ झालेला असतो. आणि म्हणूनच तिसऱ्या खेपेस त्याच रस्त्यावरचें एखादें बदललेलें वाक्य काळजाला झोंबतें. जो बदल लेखकानें सांगितला असता तर आपण वाचून पुढें गेलों असतों, तो आपल्या हातीं आपल्यालाच सांपडतो. स्वतः शोधून काढलेल्या पुराव्याची बोंच निराळी असते, हें कोणीही इतिहाससंशोधक सांगेल.

दोष नाहींत असें नव्हे. कथेच्या तिसऱ्या भागांत सिनेटर रायडर फौजेसह येऊन पेरेलमन यांस धमकावतो, प्रिझमला बंद पाडण्याचा प्रयत्न होतो, आणि त्या धमकीचें ध्वनिचित्र जगभर प्रसृत करून प्रिझम योजनेचा पाडाव करतो. हा भाग आम्हांस उथळ वाटला. पन्नास वर्षांची अवनति लोकांच्या सुखासीन संमतीनें झाली हें दाखविल्यावर, तिचें सारें खापर एका खलपुरुषाच्या माथीं फोडणें म्हणजे स्वतःचाच मुद्दा दुबळा करणें होय. अखेरीस २०९१ सालचें जें आदर्श जग दिसतें आणि ज्यांतून पेरी सहकुटुंब अवकाशनौकेनें प्रवासास निघतो, तेंही फार स्वस्तांत मिळालेलें आहे. विध्वंस कसा झाला तें आपण पावलापावलानें पाहिलें; उभारणी कशी झाली तें कोणीच दाखवीत नाहीं. शिवाय विरुद्ध पक्षाला आपली बाजू मांडण्यास कथेंत फारशी जागाही दिलेली नाहीं. अशा ठिकाणीं कलावंतावर प्रचारक मात करतो.

खुद्द या खेळाच्या नशिबींही पहिलें दर्शन आडवें आलें. इन्फोकॉमचा खेळ म्हणजे अवघड कोडीं, अशी गिऱ्हाइकांची समजूत झालेली होती. आणि येथें खरें कोडें जवळजवळ एकच, तेंही शेवटच्या भागांत. सोडवावयाचें कांहीं नाहीं मग हा खेळ कसला, अशी पहिली प्रतिक्रिया होणें साहजिक होतें. विक्री बेताचीच झाली. राजकीय वादळ उठेल, निषेधाचीं पत्रें येतील, अशी मेरेट्झ्की यांची अपेक्षा होती; तसें कांहींच घडलें नाहीं. याच वर्षीं कंपनीनें ‘कॉर्नरस्टोन’ नांवाची व्यापारोपयोगी आज्ञावली बाजारांत आणून मोठें नुकसान सोसलें. १९८६ मध्यें ती ॲक्टिव्हिजन या कंपनीकडे गेली आणि १९८९ सालीं तिची मूळची कचेरी बंद झाली. परंतु खेळाला गंभीर विषय पेलतो हें दाखवून झालें होतें. १९८६ सालीं त्याच कंपनीच्या ब्रायन मोरिआर्टी यांनीं ‘ट्रिनिटी’ या खेळांत अणुबॉंबचा विषय हातीं घेतला. पुढें चित्रें आलीं, आवाज आला. १९९८ चा ‘हाफ-लाइफ’, २००७ चा ‘मास इफेक्ट’ अशा खेळांनीं वैज्ञानिक कथेला भव्य रंगभूमि मिळवून दिली. या साऱ्या झगमगाटांतही मागें वळून पाहणारे अभ्यासक ‘प्रवासी मना’कडे परत येतात, आणि जो कोड्यांचा अभाव त्या वेळीं उणेपणा वाटला तोच त्याचा विशेष होता असें म्हणतात. दुसऱ्या दर्शनानें पहिल्याला येथेंही दुरुस्त केलें.

मग पहिलें दर्शन टाकाऊच समजावें काय? आमच्या मतें या खेळाचा बोध नेमका याच्या उलट आहे. २०८१ चें भग्न शहर भयंकर वाटतें, कारण २०४१ चें गजबजलेलें शहर आपण मन लावून पाहिलेलें असतें. पहिलें दर्शन नसतें तर दुसऱ्याला माप कोणतें राहिलें असतें? रॉकव्हिलचे रहिवासी पन्नास वर्षें त्याच शहरांत राहिले, पण त्यांस बदल दिसला नाहीं. कारण कालच्यापेक्षां आज किंचित् वाईट, एवढेंच ते दररोज अनुभवीत होते, आणि किंचित् वाईटाची संवय मनुष्याला फार लौकर लागते. पेरीला तो दिसला, कारण तो दहा दहा वर्षांच्या उड्या मारीत आला आणि मागची नोंद त्याच्यापाशीं होती. चूक पहिल्या दर्शनाची नसते. त्यावर थांबण्याची असते, आणि त्याहून अधिक तें विसरण्याची असते.

दशकांच्या उड्या मारण्याची विद्या आपल्यापाशीं नाहीं. परंतु नोंद ठेवण्याची आहे. आपल्या आज्यापणज्यांच्या जमाखर्चाच्या वह्या ज्या घरांत जपून ठेविल्या आहेत, तेथें कोणत्या सालीं कशाला काय पडलें हें वाद न घालतां कळतें. तशीच एक वही सुजाण नागरिकानें आपल्या काळाचीही ठेवावी: आज न्यायालयांत कसें वागवितात, वर्तमानपत्रांत काय छापून येतें आणि काय येत नाहीं, गाडींत शेजारचा माणूस कशाविषयीं मोकळेपणानें बोलतो आणि कशाविषयीं आवाज खालीं आणतो. नवी योजना, नवा कायदा, नवा नेता पहिल्या दर्शनीं आवडला तर अवश्य आवडूं द्यावा; मात्र का आवडला तें तारीख घालून लिहून ठेवावें. दहा वर्षांनीं तें पान उघडणें हेंच लोकशाहींतलें खरें कोडें आहे, आणि तें सोडविण्यास यंत्राची गरज नाहीं.